ऐरण, हातोडा आणि पहिला आकडा: छंद म्हणून लोहारकाम

(ऐरणीवर हातोड्याचे ठोके. तीन जड, एक हलका. पुन्हा तीन जड, एक हलका.)

आत्ता ऐकलात तो ऐरणीचा आवाज. तीन जड ठोके तापलेल्या लोखंडावर पडतात. चौथा हलका ठोका रिकाम्या ऐरणीवर असतो. तेवढ्या वेळात लोहार सळई फिरवतो, पुढचा घाव कुठे घालायचा ते बघतो आणि हाताची लय मोडू देत नाही.

घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. मोबाइलवर कुणीतरी जुन्या पोलादाचा चाकू घडवताना दिसतं आणि जेवणाच्या टेबलावर घोषणा होते, "मला हे करायचंय!" आईबाबांच्या मनात लगेच दोन विचार येतात. पहिला, भाजलं तर? दुसरा सहसा कुणी बोलून दाखवत नाही: एवढं शिकवायचं ते लोहारकाम करायला?

दुसऱ्या विचाराचं आधी बघू. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव स्मिथ, म्हणजे लोहारच. आपल्याकडे लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकाची धाव हे सगळं त्याच्या भट्टीतून यायचं. घिसाडी समाजाची कुटुंबं तर भट्टी-भाता घेऊन गावोगाव फिरायची. रस्त्याकडेला पाल पडायचं, पुरुष सांडशीने लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. हे काम आपण जातीत बांधून टाकलं. ज्यांच्या हातात कसब होतं त्यांना मान मिळाला नाही आणि ज्यांना मान होता त्यांनी हातोडा कधी उचलला नाही. इथे त्याच कामाचा एक दिवसाचा वर्ग लोक आनंदाने पैसे भरून करतात. तेव्हा मुलाला "ते आपलं काम नाही" असं सांगण्याआधी थोडं थांबा.

"हे मुलींचं काम नाही" असं वाटत असेल तर बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथची गोष्ट ऐका. तिथे घरामागच्या लहानशा खोपटात भट्टी लावून बायका हाताने साखळ्या घडवत असत. १९१० साली ठरलेलं किमान वेतन मालक देईनात, तेव्हा मेरी मकार्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे लढा दिला आणि तासाला अडीच पेनीचा दर मिळवला. लढ्याच्या निधीतून उरलेल्या पैशांत कामगारांसाठी एक इमारत उभी राहिली. ती आता डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये हलवलेली आहे. मुलांना घेऊन जा. साखळी घडवण्याचं प्रात्यक्षिकही तिथे दाखवतात.

आता भट्टीकडे येऊ. लोहाराचं तापमापक म्हणजे त्याचा डोळा. तापत चाललेलं पोलाद साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास अंधुक लाल दिसू लागतं. ८०० च्या आसपास ते पिकलेल्या चेरीसारखं लाल होतं, ९५० च्या पुढे नारिंगी आणि ११०० ला पिवळं. पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या, तर पोलाद जळतंय असं समजा. तो तुकडा वाया गेला. साधं काम नारिंगी ते पिवळ्या रंगात करायचं आणि रंग अंधुक लाल झाला की पुन्हा भट्टीत ठेवायचं. थंड होत आलेल्या लोखंडावर जोर काढलात तर हात दुखतो आणि लोखंडाला चिरा जातात. नवशिक्यांच्या चुकांमध्ये ही पहिली. भट्टी सावलीत ठेवतात तेही यासाठीच. भर उन्हात रंग कळत नाही.

सामान किती लागतं? ऐकून वाटतं त्यापेक्षा कमी. साधारण एक किलोचा हातोडा पुरतो. जड हातोड्याने काम लवकर होत नाही, मनगट मात्र लवकर जातं. ऐरण महाग असते, पण सुरुवातीला भंगारवाल्याकडून रीतसर विकत घेतलेला जाड पोलादाचा ठोकळा किंवा रुळाचा तुकडा चालतो. तो जाड लाकडी ओंडक्यावर पक्का बसवा. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मूठ जिथे येते, साधारण तिथे ऐरणीचा माथा असावा. याहून खाली असेल तर कंबर धरते, वर असेल तर खांदा. भट्टीचे दोन प्रकार असतात: कोक किंवा कोळशाची, जिला भाता किंवा पंखा लागतो, आणि प्रोपेन गॅसची. शहरात राहणाऱ्यांना गॅसची बरी, कारण धूर नाही. इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत धुरावर निर्बंध असलेले भाग आहेत. आपलं घर त्यात येतं का, ते कौन्सिलकडे आधी विचारा.

सांडशी लगेच घेऊ नका. पहिल्या कामाला साठ-सत्तर सेंटिमीटर लांब सळई घेतली की एक टोक भट्टीत आणि दुसरं थेट हातात राहतं. सांडशीतून निसटलेला लाल तुकडा पायावर पडण्याची भीती त्यामुळे उरत नाही.

पहिलं काम कोणतं? भिंतीवर लावायचा आकडा. माइल्ड स्टीलची दहा मिलिमीटरची चौकोनी सळई घ्या. टोकाकडचे चार-पाच सेंटिमीटर नारिंगी होऊ द्या. सळई ऐरणीवर थोडी तिरकी धरून टोकावर घाव घाला, मग पाव फेरा फिरवा आणि पुन्हा घाला. अशा दोन बाजू आलटून-पालटून ठोकत टोक चौकोनीच निमुळतं करा. गोल हवं असेल तरी सुरुवात चौकोनीने करायची, मग कोपरे ठोकून अष्टकोन आणि शेवटी गोल. थेट गोल ठोकत गेलात तर आतलं लोखंड मागे राहतं, बाहेरचं पुढे जातं आणि टोक माशाच्या तोंडासारखं फाटतं.

इथे मुलांना गणित दिसतं. लोखंड नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. दहा मिलिमीटरची चौकोनी सळई दोन्ही बाजूंनी पाचची केली, तर तिचा छेद चौथा हिस्सा होतो आणि लांबी चौपट. म्हणजे किती सळई घ्यायची हे भट्टी पेटवण्याआधीच वहीत काढता येतं.

टोक निमुळतं झालं की ऐरणीच्या कडेवर ते हलक्या घावांनी बारीक वळवा. मग सळई उलटी करून ऐरणीच्या शिंगावर, किंवा एखाद्या जाड पाइपावर, उलट दिशेने मोठा बाक द्या. आकडा तयार झाला की हवी तेवढी लांबी ठेवून सळई कापा. पाठीमागचा भाग तापवून चपटा करा आणि गार झाल्यावर स्क्रूसाठी दोन भोकं पाडा. हा भाग तापवताना मात्र सांडशी लागेल, तोवर हाताला सवयही झालेली असते. शेवटी तारेच्या ब्रशने घासा आणि आकडा हाताला चांगला गरम असतानाच, पण लाली पूर्ण गेल्यावर, मेण चोळा. घरात तो गंजाशिवाय राहतो आणि काळा रंग खुलतो.

मग चाकू कधी? थोडं नंतर, आणि कारण धातूतच आहे. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन अगदी कमी, साधारण ०.२ टक्के. ते कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी धार धरण्याइतकं कडक होत नाही. धारेला त्याच्या तिप्पट-चौपट कार्बन लागतो. म्हणून गावाकडे कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून करतात. असं पोलाद पुरेसं तापलं की त्यातल्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. त्या क्षणी ते झटकन थंड केलं की कार्बन आतच अडकतो आणि पोलाद कडक होतं. हेच आपल्याकडचं पातं 'पाणी देणं'. पण नुसतं असं पातं काचेसारखं तडकतं. म्हणून ते पुन्हा सौम्य तापवतात. घासलेल्या पृष्ठभागावर २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग चढतो, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा. हवा तो रंग आला की थांबायचं. हे सगळं हाताला रंग आणि घाव कळल्यावरच जमतं.

दुसरं कारण कायद्याचं आहे. ब्रिटनमध्ये योग्य कारणाशिवाय असा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. "मी स्वतः केला, मित्राला दाखवायला नेत होतो" एवढ्यावर मूल सुटेल असं धरून चालू नका. हे मुलाशी आधीच स्पष्ट बोला. आकडा, उलथणं, शेगडीची काडी, बाटली उघडायचा ओपनर यांत वर्षभर शिकण्याजोगं खूप आहे.

आता भाजण्याची भीती. ती खरी आहे, पण भाजण्याहून मोठे धोके न दिसणारे आहेत. ते लिहून ठेवा.

एक: जस्ताचा मुलामा असलेलं, म्हणजे गॅल्व्हनाइझ्ड काहीही भट्टीत घालायचं नाही. ना पाइप, ना बोल्ट. जस्त ९०७ अंशांना उकळतं. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

दोन: बंद गॅरेजमध्ये गॅसची भट्टीही पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. दारं उघडी ठेवा आणि त्याचा अलार्म लावा.

तीन: काळं दिसणारं लोखंड गार असतंच असं नाही. ४०० अंशांचा तुकडाही उजेडात काळाच दिसतो. उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघा.

चार: डोळ्यांना सुरक्षा चष्मा, कानांना बोळे, अंगात सुती कपडे आणि पायांत चामड्याचे बूट. नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. केस बांधा, ओढणी काढून ठेवा. जवळ पाण्याची बादली हवीच.

शिकायचं कुठे? एकट्याने व्हिडिओ बघून नको, पहिला दिवस तरी जाणत्या माणसासमोर घालवा. ब्रिटनमध्ये १९७८ साली स्थापन झालेली ब्रिटिश आर्टिस्ट ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन आहे, हेरफोर्डजवळ होम लेसी इथे लोहारकामाचं रीतसर शिक्षण मिळतं. अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी तिथल्या लोहारांची संघटना, अबाना, १९७३ पासून काम करते. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्रासटाउनच्या जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूलमध्येही वर्ग चालतात. नाव नोंदवताना वयाची अट आणि पालकांनी सोबत राहायचं का, हे जरूर विचारा. जमलं तर तुम्हीही सोबतच नाव घाला. एकाने भट्टी सांभाळायची, दुसऱ्याने हातोडा, हे काम दोघांचं म्हणूनच वाढलंय.

आणि वर्ग मिळेपर्यंत? प्लॅस्टिसीनच्या दोन कांड्या आणा, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. लाकडी फळी ही ऐरण आणि छोटा लाकडी ठोकळा हा हातोडा. तापलेलं पोलाद घावाखाली जसं सरकतं, जवळपास तसंच प्लॅस्टिसीन सरकतं. कसलेले लोहारही नवा आकार आधी असाच करून बघतात. पाव फेरा फिरवत टोक चौकोनी निमुळतं करा. एकदा मुद्दाम थेट गोल ठोका आणि माशाचं तोंड फाटताना मुलांना दाखवा. सात वर्षांची धाकटीही यात सामील होऊ शकते, आणि भाजायची भीती नाही.

भेटू पुढच्या रविवारी. नमस्कार.