सासूबाईंचा आवाज, हातातल्या डबीत

मैत्रिणींनो, आज एका छोट्याशा यंत्राविषयी सांगणार आहे. आपल्या हळदीकुंकवाच्या करंड्याएवढंच, पण घरात दागिन्यासारखं जपावं असं. ते म्हणजे खिशात मावणारा व्हॉइस रेकॉर्डर.

आमच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. “सूनबाई, लिहून घे गं,” असं त्या म्हणत आणि मी म्हणे, “दिवाळी झाली की घेते.” अशा किती दिवाळ्या गेल्या! शेवटी एकदा हौसेनं रेकॉर्डर आणला आणि दुपारभर त्यांना गायला लावलं. रात्री ऐकतो तर काय, पंख्याची घरघर, कुकरच्या शिट्ट्या आणि लांब कुठंतरी विहिरीतून आल्यासारखा त्यांचा आवाज! मला रडूच कोसळलं. पण त्या हसून म्हणाल्या, “अगं, मी कुठं पळून चाललेय? उद्या पुन्हा गाते.”

दुसऱ्या दिवशी मात्र नीट जमलं. त्या चुकांतून शिकले ते सांगते.

घेताना काय पाहावं?

“मोबाइल असताना वेगळं यंत्र कशाला?” असं आमचे हे म्हणालेच. मोबाइलवरही होतं, नाही असं नाही. पण गाणं रंगात यावं आणि नेमका फोन वाजावा! शिवाय मोबाइल समोर धरला की वयस्कर माणसं बुजतात.

महागडं यंत्र नको. बटणं मोठी असावीत, ध्वनिमुद्रण सुरू असल्याचा दिवा दिसावा, कानात घालून ऐकायची सोय असावी आणि संगणकाला जोडता यावं. खोक्यावर शेकडो तास लिहिलेले असतात, त्यावर भुलू नका. ते बहुधा सर्वांत हलक्या दर्जाचे तास असतात, त्यात आवाज दबका येतो. एमपीथ्रीत १२८ किंवा त्याहून वरचा दर्जा ठेवा. १२८ला तासाला सुमारे ५८ एमबी जागा लागते, म्हणजे ८ जीबीत सव्वाशेच्या वर तास बसतात. ‘वेव्ह’ प्रकारात आवाज अधिक स्वच्छ, पण सीडीच्या दर्जाला ८ जीबीत बारा-एक तासच मावतात.

आवाज आला की आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवा. तिच्यामुळे ओवीचा पहिला शब्दच गळतो. आणि यंत्र पेन्सिल सेलवर चालत असेल, तर काम झाल्यावर सेल काढून ठेवा. पाझरले तर यंत्र वाया जातं.

वापरताना

पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. कुकर आधीच उतरवा. यंत्र हातात धरू नका, बोटं घासल्याचा आवाज येतो. घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. आधी अर्धा मिनिट भरून ऐकून पाहा, मगच पुढचं. सुरुवातीला तारीख, नाव आणि गाव बोलून ठेवा, पुढे शोधायला सोपं जातं.

“गा बघू आता!” म्हटलं की आवाज बसतो. त्यापेक्षा हातात निवडायला तांदूळ द्या, गाणं आपोआप येतं. मधेमधे “हो का!” करू नका. आणि एक महत्त्वाचं, चोरून भरू नका. आधी विचारा. घरातल्या बाईचं बोलणं तिच्या परवानगीशिवाय चारचौघांत जाऊ नये.

त्याच संध्याकाळी दोन ठिकाणी नक्कल करा. दोन्ही नकला वाजवून पाहिल्याशिवाय यंत्रातलं पुसू नका.

“आमच्याकडच्या ओव्यांना कोण विचारतं?” असं वाटतंय ना? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या जमवायला घेतल्या. तो संग्रह लाखावर गेला. त्यातल्या कितीतरी ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. ती तुम्हालाच जपायला हवी. ओव्या नसतील तर लोणच्याची कृती भरा, लग्नातली गंमत भरा, नातवाला मारलेली हाक भरा.

गेल्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. संध्याकाळी दिवा लावला की मी यंत्र त्यांच्या उशाशी ठेवते. स्वतःचाच आवाज त्या डोळे मिटून ऐकतात आणि डाव्या हातानं गादीवर ठेका धरतात.

पहिल्या दुपारचं ते बिघडलेलं ध्वनिमुद्रणही मी पुसलेलं नाही. त्याच्या शेवटी, कुकरच्या शिट्टीनंतर, त्या हसल्या आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीची वाट पाहू नका. या रविवारीच बसा.