चेंडू टाकणारी बाई कारभारात शिरते तेव्हा

क्रिकेट म्हटलं की आपण धावा मोजतो, कोण बाद झालं ते विचारतो. पण सामना कुठल्या मैदानावर, मुलींनी प्रवास कशानं करायचा, मानधन किती, हे मैदानात ठरत नाही. ते ठरतं मंडळाच्या बैठकीत. त्या बैठकीत वर्षानुवर्षं पुरुषच बसत आले. तिथं जाऊन बसलेल्या एका गोलंदाज बाईबद्दल आज बोलू. मुंबईच्या डायना एडलजी.

डायनाताई डाव्या हाताच्या फिरकी गोलंदाज. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळल्या. एकूण २० कसोटी, ६३ बळी, शिवाय देशाचं कर्णधारपद. तेव्हा बायकांचं क्रिकेट पुरुषांच्या मंडळाकडे नव्हतंच. १९७३ साली निघालेली महिलांची संघटना वेगळी होती आणि तिच्या गाठीला पैसा नव्हता. १९८६ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर भारताच्या या कर्णधाराला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये पाऊल टाकू दिलं नाही, बाई म्हणून. त्या क्लबानं बायकांना सभासद करून घेतलं ते १९९८ मध्ये.

माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम रेल्वेतलं. स्वतः रेल्वेत नोकरीला होत्या, आणि खेळणाऱ्या मुलींना रेल्वेनं नोकरीत घ्यावं म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. यात काय एवढं, असं वाटेल. पण पोरीच्या हातात महिन्याचा पगार आला की 'आता पुरे झालं खेळणं' म्हणणारं घर जरा दमानं घेतं, हे तुम्हाला सांगायला नको. पुढे भारताची कर्णधार झालेली हरमनप्रीत कौर २०१४ मध्ये पश्चिम रेल्वेत लागली, त्यामागेही डायनाताईंची खटपट होती.

मग आलं २०१७. क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयानं चार जणांची प्रशासक समिती नेमली. त्यात बाई एकच, डायनाताई. काही महिन्यांत दोघे सोडून गेले. उरले अध्यक्ष विनोद राय आणि त्या. दोघांची मतं जुळेनात, महिला संघाच्या प्रशिक्षकावरूनही खटका उडाला. एक मत इकडे, एक मत तिकडे, मग ठराव व्हायचा कसा? शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं तिसरा सदस्य दिला. (गटाची कमिटी निवडताना आकडा विषम ठेवा म्हणतात, ते याचसाठी.)

पैशाचं बघा. २०१५ मध्ये महिला खेळाडूंना पहिल्यांदा वर्षाचा करार मिळाला, वरच्या श्रेणीला १५ लाख. मार्च २०१८ मध्ये, या समितीच्या काळात, ते ५० लाख झाले. त्याच यादीत पुरुषांची सर्वांत वरची श्रेणी होती सात कोटींची. वाढ तिपटीहून जास्त, तरी अंतर केवढं!

त्याच वर्षी मंडळानं डायनाताईंना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला. त्यांनी तो नाकारला. आपण ज्या संस्थेचा कारभार बघतो तिच्याचकडून सत्कार घेणं बरं नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

२०१८ च्या मे महिन्यात वानखेडेवर, पुरुषांच्या आयपीएलच्या जोडीनं, महिलांच्या दोन संघांचा एक प्रदर्शनीय सामना झाला. पुढच्या वर्षी संघ तीन झाले आणि त्याची छोटी स्पर्धा झाली. तीच स्पर्धा २०२२ मध्ये पुण्यात भरली, तेव्हा व्हेलॉसिटी संघाकडून एक लेगस्पिनर उतरली. मान खाली घालून चेंडू सोडायची तिची लकब सगळ्यांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिली. ती आपल्या सिन्नरची माया सोनवणे. दुसऱ्याच वर्षी महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली.

समितीचं काम ऑक्टोबर २०१९ मध्ये संपलं. नव्या नियमांप्रमाणे मंडळाच्या वरच्या परिषदेत खेळाडूंच्या प्रतिनिधींमध्ये एक बाई असावीच लागते. त्या जागेवर पहिल्या बसल्या शांता रंगास्वामी, डायनाताईंच्याच पिढीच्या कर्णधार. २०२३ मध्ये डायनाताईंचं नाव आयसीसीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं जाहीर केलं, की भारताकडून खेळताना सामन्याची फी स्त्री-पुरुषांना सारखीच: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला सहा, टी-ट्वेंटीला तीन. वर्षाच्या कराराचे आकडे मात्र तेव्हाही वेगवेगळेच राहिले.