ऐकलेले परत म्हणून दाखवा

वैमानिक जमिनीशी टेलिफोनवर बोलावे तसा बोलत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पण टेलिफोनवर दोघे एकदम बोलू शकतात; येथे बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. शिवाय वाट सामायिक! एका नियंत्रकाच्या हद्दीतली सगळी विमाने एकाच कंपनसंख्येवर कान लावून असतात. चाळीतल्या नळासारखे म्हणा ना. एकाची घागर लागली की बाकीच्यांनी थांबायचे.

या लहरी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून दहा किलोमीटर उंचीवरचे विमान तीनचारशे किलोमीटरवरूनही ऐकू येते. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. अरबी समुद्रावर दूर गेलेले विमान मुंबईशी बोलते ते लघुलहरींवर. त्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परततात, पण खरखर फार. हल्ली मजकूर लिहून पाठवण्याचीही सोय आहे.

खरी मेख आहे ती ऐकण्यात. नियंत्रकाने उंची सांगितली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि नियंत्रकाने ताडून पाहायची. नुसते 'रॉजर' चालत नाही. 'रॉजर' म्हणजे 'तुमचे बोलणे पोचले', एवढेच, होकार नव्हे.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन जंबो विमाने. डच विमानाला पुढच्या मार्गाची सूचना मिळाली होती, उड्डाणाची परवानगी नव्हे. सहवैमानिकाने सूचना परत म्हटली खरी, पण शेवटी आपण 'टेक-ऑफ'वर आहोत असे काहीसे मोघम जोडले. नियंत्रक 'ओके' म्हणाला आणि लगेच, थांबा, असेही म्हणाला. नेमके त्याच क्षणी अमेरिकन विमान सांगू लागले, की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर आदळले. डच विमानात 'ओके' पोचले. पुढे ऐकू आली ती बहुतेक शिटीच. विमान तर धावू लागलेच होते. ५८३ माणसे गेली.

त्यानंतर शब्दांची शिस्त कडक झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा रद्द करतानाच उच्चारतात. एरवी म्हणतात 'डिपार्चर'.