जोहान्सबर्गचा कोरडा हिवाळा

आफ्रिकेला जायचे म्हणजे सुती कपडे, असा हिशेब करून जून-जुलैत जोहान्सबर्गला उतरणारा प्रवासी पहिल्याच संध्याकाळी स्वेटरच्या दुकानाची चौकशी करू लागतो. दक्षिण गोलार्धात तेव्हा ऐन हिवाळा असतो आणि हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही बरेच वर वसलेले आहे. दुपारी सोळा-सतरा अंशांचे सुखद ऊन पडते. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळला की पारा झरझर उतरतो आणि पहाटेपर्यंत चार अंशांच्या आसपास, कधी शून्याखालीही जातो. सकाळी हिरवळीवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो. बर्फ मात्र दुर्मिळ. ऑगस्ट २०१२ नंतर शहराने तो पाहिला, तो थेट जुलै २०२३ मध्ये.

या तीन महिन्यांत पाऊस जवळजवळ नाहीच. तिकडचा पाऊस उन्हाळ्यातला, दुपारी गडगडाट करून येणारा. हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, हाताची त्वचा उलते, लोकरीचे कपडे घालून दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसल्यासारखा विजेचा झटका लागतो. व्हॅसलीन आणि पाण्याची बाटली जवळ हवीच. ऊन कोवळे वाटले तरी उंचीमुळे चेहरा रापतो. आणखी एक गंमत गृहिणींसाठी: इथे पाणी साधारण ९४ अंशांवरच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ घेते. मुक्काम लांबला तर प्रेशर कुकरची आठवण येईल.

घरेही या थंडीसाठी बांधलेली नसतात. युरोपसारखी सगळे घर उबदार ठेवणारी सोय क्वचितच. गॅसचा नाही तर विजेचा हीटर आणि अंथरुणात विजेचे ब्लँकेट. मुक्कामाची जागा ठरवताना हे आधी विचारून घ्यावे.

रंग पाहायचा तर शहराबाहेर पडावे. गवत वाळून पिवळे झालेले, मधूनमधून वणव्याने काळे पडलेले पट्टे, आणि त्यात कोरफडीचे तांबडे तुरे. क्षितिजावर सपाट माथ्याच्या पिवळट टेकड्या दिसतात, त्या निसर्गाच्या नव्हेत. सोन्याच्या खाणींतून निघालेल्या मातीचे ते ढीग. १८८६ मध्ये इथे सोने सापडले आणि ना समुद्र, ना मोठी नदी अशा माळावर शहर उभे राहिले. आजही पिण्याचे पाणी दूरच्या वाल नदीतून आणि लेसोथोच्या डोंगरांतून येते. ऑगस्टमध्ये वारे सुटले की त्या ढिगांची धूळ आसपासच्या गरीब वस्त्यांवर येऊन बसते. सोने नेणारे निघून गेले, धूळ राहिली.

या शहराच्या आठवणीही बऱ्याचशा हिवाळ्याच्याच. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीपाशी गांधीजींच्या उपस्थितीत भारतीयांनी आपली हजाराहून अधिक नोंदणीपत्रे मोठ्या कढईत टाकून जाळली. त्याच वर्षी जानेवारीत गांधीजी इथल्या तुरुंगात जाऊन आले होते. तो तुरुंग आता 'कॉन्स्टिट्यूशन हिल' नावाने पाहायला मिळतो. १९६२ मध्ये मंडेलांनाही इथल्या जुन्या किल्ल्यात ठेवले होते. शेजारच्या 'नंबर फोर' या कृष्णवर्णीयांच्या तुरुंगात कैदी उघड्या चौकात, संडासांच्या शेजारी बसून जेवत आणि कोणाला काय खायला मिळणार हे वर्णावरून ठरे. जुलैच्या सकाळी कोट घालून त्या चौकात दहा मिनिटे उभे राहावे. पाटीवर लिहिलेले नसते तेही कळते. तुरुंगाचा काही भाग पाडून निघालेल्या विटा शेजारच्या घटना न्यायालयाच्या इमारतीत वापरल्या आहेत.

सोवेटोत १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन या लहान मुलाच्या नावाने तिथे संग्रहालय आहे. जवळच विलाकाझी रस्त्यावर मंडेलांचे जुने घर. मुले बरोबर असतील तर हा भाग चुकवू नये. त्यांच्याच वयाच्या मुलांची ही गोष्ट आहे. १६ जून ही तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

खरेदीसाठी फोर्ड्सबर्गचा 'ओरिएंटल प्लाझा' बहुतेकांना ठाऊक असतो. पेजव्ह्यू वस्तीतील भारतीयांची दुकाने वर्णभेदी कायद्याने उठवून १९७० च्या दशकात त्यांना इथे आणले गेले, हे मात्र थोड्यांना माहीत असते. शाकाहारी माणसाचीही इथे समोशांवर भूक भागते. हिवाळ्यात बाजारात 'नार्ची' नावाची संत्री येतात, सालीला सैल, चवीला गोड. नाव तमिळमधून गेलेले.

काही व्यवहारी गोष्टी. व्हिसा आधीच काढावा लागतो. आदिसअबाबा किंवा नैरोबीमार्गे जाताना विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबावे लागणार असेल, तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ ठेवावा. विमानतळावरून सँडटनला 'गाउट्रेन' ही जलद गाडी जाते. अंधार लवकर पडतो आणि लूटमारीची भीती खरी आहे, म्हणून संध्याकाळी पायी भटकू नये, मोबाइल हातात मिरवू नये. क्रूगर अभयारण्य जोडून करायचे असेल तर हाच मोसम: गवत विरळ झालेले असते, प्राणी पाणवठ्यांवर जमतात. पहाटेच्या उघड्या जीपमध्ये मात्र कानटोपी विसरू नका.