डोक्यावर जहाज, कमरेला पिंजरा!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्यातून माझा १९७२ सालचा फोटो निघाला. लग्न झाल्यावर आठ दिवसांनी स्टुडिओत जाऊन काढलेला. नातीने तो हातात घेतला, नीट निरखला आणि विचारलं, "आजी, तुझ्या डोक्यावर हे काय ठेवलंय गं?"

ठेवलं काही नव्हतं, मैत्रिणींनो! तो माझा अंबाडा होता. उलटा कंगवा फिरवून केस फुगवायचे, आत गंगावनाची गुंडाळी सारायची, वरून जाळी बसवायची आणि मग डझनभर आकडे खोचायचे. हा डोलारा उभारायला पाऊण तास लागे. पण तेव्हा तशी टूम होती ना! अंगावर फुलाफुलांची नायलॉनची साडी, तीही टूमच. नात हसून हसून लोळली. मी म्हटलं, "हस बाई, हस. तुझ्या या गुडघ्यावर फाटलेल्या जीन्सचा फोटो तुझी नात बघेल, तेव्हा मी वरून हसेन!"

पण मग मनात आलं, टुमेपायी वेड्या होणाऱ्या आपण काही पहिल्या नाही. इतिहासाची ट्रंक उघडली तर आपल्याला लाजवतील अशा बायका तीत सापडतात. त्यांतल्या काही जणींची आज तुम्हाला ओळख करून देते. हसायला भरपूर आहे. फक्त हसता हसता एक प्रश्न मनाशी असू द्या: या हौसेची किंमत शेवटी मोजली कोणी?

राणीचे तीन फुटी केस

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत तुम्हाला ठाऊक असेलच. गरिबांना भाकरी मिळत नसेल तर त्यांनी केक खावा, असं म्हणणारी म्हणून तिला सगळे ओळखतात. खरं तर ती असं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. उगाच बिचारीच्या नावावर खपवलेलं आहे ते! तिच्या केसांची गोष्ट मात्र अगदी खरी.

ऑस्ट्रियाची ही राजकन्या १४ व्या वर्षी सासरी आली आणि १७७४ साली, १८ व्या वर्षी, राणी झाली. तिच्या दिमतीला लेओनार नावाचा केशभूषाकार होता. तारेचा सांगाडा, त्यावर लोकर नाहीतर घोड्याचे केस, त्यावर राणीचे स्वतःचे केस, ते चिकटून राहावेत म्हणून चरबीचे मलम आणि सगळ्यावर पांढरी भुकटी! वरून पिसे, रिबिनी, फुले. राणीचे पाहून सरदारांच्या बायकाही मागे लागल्या. १७७८ साली फ्रेंच आणि इंग्रज जहाजांची चकमक झाली, तर त्या आनंदात शिडाचे जहाजच डोक्यावर मिरवणाऱ्या बायकांची चित्रे छापली गेली. बग्गीत बसताना केस छताला लागत, म्हणून कित्येक जणी चक्क बग्गीच्या तळाशी गुडघे टेकून प्रवास करत. म्हणजे आपण एस. टी.त उभ्याने जातो ते बरं म्हणायचं!

ही बातमी माहेरी पोचल्याशिवाय कशी राहील? आई मारिया तेरेझा म्हणजे साक्षात सम्राज्ञी. तिने १७७५ च्या मार्चमध्ये लेकीला पत्रातून चांगले खडसावले. तुझ्या केसांची उंची ३६ इंच झाल्याचे कानावर आले आहे, तरुण आणि देखण्या राणीला असल्या थेरांची गरज काय, असा त्या पत्राचा सूर होता. लेकीने ऐकलं का? छे! कोणत्या लेकीने ऐकलंय?

आता जरा इकडे लक्ष द्या. ती पांढरी भुकटी कशाची होती? पिठाच्या सत्त्वाची, म्हणजे स्टार्चची. आणि त्याच १७७५ च्या एप्रिल-मे महिन्यांत फ्रान्समध्ये धान्य महागले, पाव परवडेना, म्हणून गावोगाव दंगली उसळल्या. इतिहासात त्यांना 'पिठाचे युद्ध' असेच नाव आहे. काही घरी पीठ पोटात जाईना आणि काही घरी ते डोक्यावर शिंपडत होते. केवळ केसांपायी राज्य बुडाले असे नव्हे. पण उपाशी माणसाला दुसऱ्याच्या डोक्यावरचे पीठ दिसते आणि ते तो विसरत नाही. १७९३ च्या ऑक्टोबरमध्ये राणीला गिलोटिनवर नेले, त्याआधी तिचे केस कापले होते. तिचे वय अवघे ३७.

एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दिवा

आता अमेरिकेत जाऊ या. तिथे १८५० च्या सुमारास बायकांची तऱ्हा निराळी होती. जमिनीवर लोळणारा झगा आणि तो फुगून दिसावा म्हणून आत एकावर एक पाच-सहा परकर. पावसात रस्त्यावरचा सगळा चिखल त्या झग्याने पुसला जाई. एलिझाबेथ स्मिथ मिलर ही बागकामाची हौस असलेली बाई या लोढण्याला विटली. तिने गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढाच झगा शिवला आणि खाली घोट्याशी चुण्या असलेला सैल पायजमा घातला. आपल्या पंजाबी ड्रेसचीच चुलत बहीण म्हणा ना!

१८५१ साली हा पोशाख घालून ती एलिझाबेथ कॅडी स्टँटन या आपल्या नातलग बाईकडे गेली. स्टँटनबाई म्हणजे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी बाई, पण घरात लेकुरवाळी. तिने पाहिले, की पाहुणी एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात दिवा घेऊन भराभरा जिना चढते आहे आणि आपण त्याच जिन्यावर झगा सावरत धडपडतो आहोत. झाले! तिनेही तसाच पोशाख शिवला. बघा, मोठमोठ्या भाषणांनी जे पटत नाही ते घरातला जिना पटवतो.

त्यांची मैत्रीण अमेलिया ब्लूमर 'लिली' नावाचे बायकांचे पत्र चालवत असे. तिने त्यात या पोशाखाबद्दल लिहिले आणि नाव तिचेच चिकटले: 'ब्लूमर'! वाचकांची कौतुकाची पत्रे आली, तशी चेष्टाही सुरू झाली. रस्त्यात पोरे मागे लागत, व्यंगचित्रे निघत, आता पुरुषांनी झगे घालायचे का, म्हणून टवाळी होई. दोन-तीन वर्षांत स्टँटनबाई कंटाळली. लोक आपले म्हणणे ऐकायचे सोडून पायजम्याकडेच बघतात, हे तिला परवडणारे नव्हते. ब्लूमरबाईने आणखी काही वर्षे तग धरला, मग तिनेही सोडून दिला.

गंमत बघा. तीन फूट केसांना अख्ख्या दरबाराने माना डोलावल्या आणि सोयीच्या पायजम्याला मात्र गावाने हुसकावले!

पोलादी पिंजरा

ब्लूमरबाईने माघार घेतली त्याला आणखी एक कारण होते. १८५६ च्या सुमारास पोलादाच्या पातळ कड्यांचा एक सांगाडा बाजारात आला. त्याचे नाव क्रिनोलिन. कमरेला पक्ष्याचा पिंजरा बांधावा तसा तो दिसे. वर एकच झगा घातला की काम झाले. पाच-सहा परकरांचे ओझे गेले! तुम्हीआम्ही हसतो, पण त्या बायकांना ही सुटका वाटली. ब्लूमरबाईनेही म्हटले, की आता लांब झगा सोसवतो. स्वस्त होता, त्यामुळे मालकिणीबरोबर मोलकरणीही पिंजरा घालू लागल्या. दारातून आत शिरताना आडवे व्हायचे, खुर्चीत बसताना समोरचा भाग उडणार नाही हे बघायचे आणि वारा सुटला की देवाचे नाव घ्यायचे!

पण एवढ्या घेराला आपला पदर कुठे लागतोय ते कळत नाही. घरोघरी उघडी शेकोटी आणि मेणबत्त्या, झग्याचे कापड तलम, आत पिंजऱ्यात खेळती हवा. चुलीला फुंकर घालावी तसेच ते. अनेक बायका अशा जळून मेल्या. प्रसिद्ध अमेरिकन कवी लाँगफेलो याची बायको फॅनी १८६१ च्या जुलैत आपल्याच घरात होती. अंगावरच्या हलक्या उन्हाळी पोशाखाने पेट घेतला. ती नवऱ्याकडे धावली. त्याने सतरंजीने आणि स्वतःच्या अंगाने आग विझवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तो इतका भाजला होता, की तिच्या अंत्यविधीलाही जाऊ शकला नाही. त्याच्या तसबिरीत जी पांढरी लांब दाढी दिसते ना, ती चेहऱ्यावरचे डाग झाकण्यासाठी राखलेली होती.

हिरव्या पानांचे विष

त्याच १८६१ सालची आणखी एक गोष्ट, लंडनची. तेव्हा लखलखीत हिरव्या रंगाची टूम होती. झगे हिरवे, भिंतीचे कागद हिरवे, केसांत माळायची खोटी पाने-फुलेही हिरवी. गॅसच्या दिव्यातही तो रंग खुलून दिसे. असला पहिला रंग शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७५ साली बनवला होता. त्यात होते तांबे आणि सोमल. हो, उंदीर मारायचा तोच सोमल!

मटिल्डा शूरर ही १९ वर्षांची मुलगी खोटी फुले करायच्या कारखान्यात काम करी. मेणाच्या पानांवर हिरवी भुकटी शिंपडायची, हेच तिचे काम. ती भुकटी नाकातोंडात जाई, हाताला लागून जेवणात जाई. नोव्हेंबरमध्ये ती मेली, तेव्हा तिच्या डोळ्यांचे पांढरे बुबुळाभोवतीचे भागही हिरवे झाले होते. सगळे हिरवे दिसते आहे, असे ती सांगत होती.

तिच्यामागे उभ्या राहिल्या त्या बायकाच. लंडनमध्ये आरोग्यासाठी काम करणारी बायकांची एक संस्था होती. तिने हॉफमन या नामवंत रसायनतज्ज्ञाकडून या पानांची तपासणी करून घेतली. एका बाईच्या डोक्यावरच्या पानाफुलांत २० माणसे मरतील एवढा सोमल आहे, असे त्याने जाहीर केले. १८६२ साली 'पंच' साप्ताहिकात चित्र आले: नाचाच्या पोशाखातले दोन हाडांचे सापळे एकमेकांना नमस्कार करताहेत! कायदा लगेच बदलला नाही, पण हिरव्या झग्याकडे बायका संशयाने पाहू लागल्या आणि हळूहळू ती टूम ओसरली.

आणि आपण?

आता माझ्या फोटोतल्या साडीकडे येते. ती धुवायला सोपी, इस्त्री नको, म्हणून मी तिच्यावर खूश. पंपाच्या स्टोव्हवर दूध तापवताना एकदा तिचा पदर पेटला. सासूबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं म्हणून निभावलं. नायलॉन नुसते जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. माझ्या डाव्या दंडावर तो डाग अजून आहे. फोटोत मात्र डोळे मिटून हसतेय, कारण तो फोटो आधीचा.

तेव्हा गॅसपाशी उभे राहताना सुती कपडे घाला आणि पदर, ओढणी कमरेला खोचा. सुतीही पेटते, पण चिकटत नाही. कपडे पेटलेच तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजल्यावर २० मिनिटे साध्या गार पाण्याखाली धरा, चिकटलेले कापड ओढू नका, टूथपेस्ट फासू नका.

आणि मटिल्डालाही विसरू नका. २०१३ साली ढाक्याजवळ कपडे शिवणाऱ्यांची आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक बायका होत्या, दूर देशीच्या दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणाऱ्या.

टूम करू नये, असं मी म्हणणार नाही. नटण्याची हौस कुणाला नसते? मलाही तो अंबाडा अजून आवडतो. फक्त दुकानात हात पुढे करण्याआधी एकदा विचारा: याची किंमत मी पैशांत मोजतेय, अंगावर मोजतेय, की माझ्यावतीने दुसरीच कुणी मोजतेय?

फोटो मी परत ट्रंकेत टाकला नाही. नातीने तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, "डोक्यावर काय ठेवलंय?" मी सांगते, "जहाज!"