घाटांतील मौल्यवान मोटारी

शनिवारीं सकाळीं खोपोलीच्या नाक्यावर उभें राहिलें म्हणजे लक्षावधि, कधीं कधीं कोट्यवधि रुपये किंमतीच्या मोटारी एकामागून एक जातांना दिसतात. कांहीं घाट चढून लोणावळ्याकडे जातात, तर कांहीं कर्जतच्या रस्त्यानें आपल्या मालकांच्या बागबंगल्यांकडे वळतात. "गुरुजी, एवढी किंमत दिल्यावर ही गाडी बिघडतच नसेल, नाहीं का?" असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें मला विचारला होता. त्याचे वडील अशाच एका बंगल्यावर राखणदार आहेत. प्रश्न सहज विचारलेला नव्हता. त्यामागें घरचें एक दुःख होतें. तें पुढें येईलच.

प्रथम आपल्या घाटाचाच विचार करूं. खोपोलीहून खंडाळ्यास पोंचावयाचें म्हणजे सुमारें ५०० मीटर उंची चढावयाची. मोठी सुखासीन मोटार माणसांसह २,००० किलोग्रॅम वजनाची सहज भरते. एवढें ओझें तितक्या उंचीवरून खालीं आणतांना जी शक्ति मोकळी होते, ती सर्व उष्णतेंत रूपांतरित केली, तर सुमारें ३० लिटर गार पाणी उकळीस येईल! उतरणीवर चालकानें पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ही बहुतेक उष्णता चार चाकांपाशींच्या तबकड्यांत जाते. गाडी जितकी जड, तितकी उष्णता अधिक. येथें श्रीमंतीची सवलत नाहीं.

ब्रेकच्या नळ्यांत जो द्रव असतो, तो हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. 'डॉट ४' या जातीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्यांत शेंकडा साडेतीन-पावणेचार पाणी मुरलें, कीं हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास उतरूं शकते. द्रव उकळला म्हणजे नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. मग पायाखालचा दांडा तळाला टेकतो आणि चाकें फिरतच राहतात! आपल्या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ओलाव्याची वाण कोठून असणार? म्हणून दर दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा, आणि उतरतांना गिअर खालचा घालून इंजिनालाच कांहीं भार घेऊं द्यावा.

आगगाडीवाल्यांनीं हें पूर्वींच ओळखलें होतें. १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ सालीं खुल्या झालेल्या आपल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर कोठें कोठें ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतेस जादा इंजिनें लावावीं लागत, हें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. खालीं येणाऱ्या गाड्या घाटांत थांबवून ब्रेकची परीक्षा घेतल्यावांचून पुढें सोडावयाच्या नाहींत, असा दंडक पडला तो उगाच नव्हे. मोटारीच्या मालकास असा दंडक घालणारा कोणी नसतो.

चढणीवर संकट निराळें असतें. इंधनाच्या उष्णतेपैकीं मोठा भाग इंजिनाभोंवतींच्या पाण्यानें वाहून न्यावा लागतो. जुन्या मोटारींचें पाणी या घाटांत वारंवार उकळे. वाटेवर शिंगरोबाचें देऊळ आहे. ज्या धनगरानें इंग्रजांना घाटाची वाट दाखविली त्याचें तें, असें लोक सांगतात, व चालक तेथें नाणें वाहतात. तेवढ्या थांब्यांत देवास नाणें आणि इंजिनास विसांवा, असें दोन्ही साधत असावें. आतांच्या मोटारींत पाणी बंदिस्त व दाबाखालीं असल्यामुळें तें सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. मात्र गरम असतां झांकण उघडलें, तर तेंच पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतें. विद्यार्थ्यांनीं हें कुतूहल कधींही करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. १९०७ सालीं रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' या मोटारीनें १४,३७१ मैल इंजिन न बिघडतां पुरे केले; नंतर ती उकलून पाहिली, तेव्हां बदलावयाच्या भागांचा खर्च दोन पौंडांहून थोडाच अधिक निघाला. किंमत आणि टिकाऊपणा यांची सांगड तेव्हांपासून लोकांच्या मनांत बसली. परंतु आज किंमत मिळते ती बव्हंशीं सुखसोयींना. आणि प्रत्येक सोय म्हणजे बिघडूं शकणारी आणखी एक वस्तु. मर्सिडीझ-बेंझनें १९९८ सालच्या आपल्या एस श्रेणींत पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या रबरी पिशव्या घातल्या. बसणारास पाळण्याचें सुख लाभतें खरें. पण रबर वर्षांनुवर्षें झिजतें, त्यास बारीक भेग पडते, आणि गळती भरून काढण्यासाठीं हवेचा पंप अखंड चालून स्वतःच जळतो. पोलादी स्प्रिंगेस असला आजार ठाऊक नाहीं.

त्याहून नाजूक भाग म्हणजे वीज. अशा गाडींत लहानमोठे डझनावारी संगणक असतात, आणि गाडी उभी असतांहि त्यांतील कांहीं जागे राहून बॅटरीतील वीज थोडथोडी पितात. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांवर जो प्रसंग आला, तो यांतूनच. मालक पावसाळ्याचे दोन महिने फिरकले नव्हते. आल्यावर गाडी सुरू होईना. दर्शक-पट्टीवर नाना इशारे झळकूं लागले. राखणदारानें गाडींत हात घातला, असा ठपका ठेवून त्याचें अर्धें वेतन कापण्यांत आलें. पुढें खोपोलीच्या एका मिस्त्रीनें पाहिलें, तों बारा व्होल्टांची बॅटरी दहाच्याहि खालीं गेलेली, आणि पुढच्या झांकणाखालीं उंदरांनीं एका तारेचें वेष्टन कुरतडलेलें! नवी बॅटरी घालून तार सांधतांच बहुतेक इशारे नाहींसे झाले. दाब कमी पडला, कीं संगणक नसलेले दोषहि सांगूं लागतात, एवढेंच कारण. कापलेलें वेतन पुढील महिन्यांत परत मिळालें. ठपका मात्र कोणी तोंडानें परत घेतला नाहीं.

तेव्हांपासून त्या गृहस्थांनीं एक वही ठेविली आहे. बॅटरी दर पंधरवड्यास भारित केली कीं नाहीं, चाकांतील हवा किती, उंदराच्या पिंजऱ्यांत काय सांपडलें, हें त्यांत असतें. ओढ्यावरील फरशीवर पाणी असतां गाडी घालूं नये, हेंहि त्यांनीं मिस्त्रीकडून शिकून घेतलें आहे. हवा ओढणाऱ्या नळींतून पाणी इंजिनांत शिरलें, तर दट्ट्या तें दाबूं शकत नाहीं, आणि त्याचा पोलादी दांडा वांकतो. मग सबंध इंजिन उतरवावें लागतें. वही मीं पाहिली आहे. गेल्या पावसाळ्यांतील एका पानावर चिरंजीवांच्या हस्ताक्षरांत लिहिलें होतें: "ऑगस्ट २. फरशीवर गुडघाभर पाणी. साहेबांचा फोन आला. गाडी बाहेर काढली नाहीं."