वजन आणि मन

छावणीच्या आठवडी बाजारात काट्यावर जे पडते त्याचे मोल होते. घरातल्या वाढत्या मुलामुलींचेही मोल आपण काट्यावर करू लागलो तर काय होते, याचा थोडा विचार आज आम्हांस श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

सन २०१६ ते २०१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के कृश, तर ५ टक्के जादा वजनाची आढळली. ही दुसरी मुले थोडी, म्हणून ती चटकन नजरेत भरतात. 'ढोल्या' हे नाव प्रथम वर्गात पडते, मग घरातही रूढ होते. मूल वरवर हसते. आत शरम साठते. मग ते न्याहारी टाळते, डबा तसाच परत आणते.

येथे शरीराचा धर्म ओळखला पाहिजे. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते उदास व चिडखोर झाले. अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची तृप्ती होईना. प्रौढांची ही गत, तर कोवळ्या वयाची काय कथा! दिवसभर मारलेली भूक रात्री उसळते, मूल चोरून बकाबका खाते, शरमेने पुन्हा उपाशी राहते किंवा खाल्लेले ओकून टाकते. हा हट्ट नव्हे, व्याधी आहे.

कृश मुलाने जेवण टाकले की आई घाबरते. स्थूल मुलाने टाकले की शाबासकी मिळते. म्हणून दुखणे उशिरा उमगते. घेरी येणे, नाडी मंदावणे, मुलींची पाळी चुकणे ही लक्षणे वजन भरपूर दिसत असतानाही संभवतात.

मग वजनाकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही, मधुमेहाचे व रक्तदाबाचे भय खरे आहे. परंतु मार्ग निराळा हवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले की, वजनाची थट्टा आणि चर्चा थांबवावी, उपासमारीस उत्तेजन देऊ नये, कुटुंबाने एकत्र जेवावे. आम्ही एवढेच जोडू: एका मुलाचे ताट वेगळे करू नये, घराचेच ताट सुधारावे, आणि संध्याकाळी त्याला मैदानावर धाडताना शिक्षा म्हणून नव्हे, खेळ म्हणून धाडावे.

वरील खुणा दिसल्यास विलंब न लावता घाटी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो. आणि आज घरी गेल्यावर मुलाला वजन विचारण्याऐवजी, दिवस कसा गेला, हे विचारावे.